हापशाचा प्रोजेक्ट करताय? मग या चुका टाळा

इंजिनिअरिंग कॉलेजात एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) म्हणून व्हायवाला गेलं की दर वर्षी एखादा ‘स्मार्ट हापसा’ समोर येतोच. यंदाचा सेन्सरवाला होता. पाणी कमी यायला लागलं की मोबाइलवर मेसेज. मॉडेल सुबक, रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग, ‘समस्या ओळखा’पासून ‘सुधारणा करा’पर्यंत फ्लोचार्टचे सगळे चौकोन जागच्या जागी. मी विचारलं, दिवसाला किती हंडे भरले जातात असं धरलंय? मुलगा म्हणाला, "सर, घरात पाच माणसं धरली."

हीच चूक आपल्या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून झाली आहे.

1960 च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळानंतर युनिसेफच्या मदतीने कठीण खडक फोडणारी बोअरची यंत्रं भारतात आली. खेडोपाडी बोअर पडले आणि त्यांवर बिडाचे (ओतीव लोखंडाचे) हापसे बसले. ते हापसे म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या कुटुंबाच्या वापरासाठी बनलेल्या पंपांच्या नकला. तिथे दिवसातून चार-दोन बादल्या निघायच्या. इथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अख्खी वस्ती हापसायची. पिना झिजल्या, बीड तडकलं, आणि 1970 च्या दशकात पाहणी झाली तेव्हा बरेचसे हापसे बंद पडलेले निघाले. जमिनीखाली पाणी होतं, बोअर शाबूत होता. चुकला होता तो माणसांचा हिशोब. म्हणून पहिली चूक हीच: वापरणारे किती, कोण आणि दिवसातून किती वेळ, हे न मोजता ड्रॉइंगला हात घालणं.

दुसरी चूक: आधी बनलेलं आणि मोडलेलं मुलं नीट बघत नाहीत, कारण त्यांना त्यात कमीपणा वाटतो. ‘आमचं अगदी नवीन आहे’ म्हणायची घाई असते. इंडिया मार्क टू हा जगभर गेलेला हापसा असा कोऱ्या कागदावर जन्मलेला नाही. त्याचं मूळ आपल्याच सोलापुरात आहे. सोलापूर आणि जालना भागात बोअरचं काम करणाऱ्या मंडळींनी रोजच्या दुरुस्त्यांना कंटाळून बिडाऐवजी पोलादाचे पंप केले होते. सोलापूर पंपात एकाच टेकूवरचं हँडल, त्याला बॉल बेअरिंग आणि चेन होती. तोच पुढे सुधारून, कोईमतूर भागात खऱ्या गावांत, खऱ्या गर्दीखाली चालवून बघितला गेला आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी मोठ्या संख्येने बनू लागला. अट अशी की साध्या वर्कशॉपमध्ये तयार व्हावा, स्वस्त पडावा आणि वर्षभर तरी कुरकुर करू नये. अशा तीन ओळी तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर असतील, तर पुढची चाळीस पानं मी भरभर उलटेन.

ती चेन जरा जवळून बघा. हँडल टेकूभोवती गोलात फिरतं, पण आतला रॉड सरळच वर यायला हवा. जुन्या पंपात रॉड पिनेला अडकवलेला असायचा, त्यामुळे तो दर वेळी हापसताना बाजूला घासायचा. इथे चेन कमानीसारख्या पट्टीवर गुंडाळली जाते आणि रॉडला सरळ वर ओढते. पण चेन ढकलू शकत नाही. रॉडच्या तळाचा, पाणी उचलणारा दट्ट्या खाली जातो तो रॉडच्या वजनाने. बोअर खोल असला की हे झकास चालतं. उथळ असला की रॉडचं वजन पुरत नाही, चेन ढिली पडते आणि हँडल झटके मारतं. एकच डिझाइन एका गावी गुणाचं आणि दुसऱ्या गावी डोकेदुखीचं ठरतं. तुमच्या मॉडेलला अशी मर्यादा सापडली नसेल, तर तुम्ही ते पुरेसं चालवलेलं नाही.

याच जागी तो सेन्सरही फसतो. हापसा दुरुस्त करणारा माणूस लक्षणांवरून दुखणं ओळखतो. बराच वेळ हापसल्यावर पहिलं पाणी आलं, तर तळाचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा जोड गळतोय. धार बारीक झाली, तर दट्ट्याभोवतीचं वायसर झिजलं. हँडल एकदम हलकं लागतंय आणि थेंब नाही, तर रॉड सुटलाय. हे सगळं हातालाच कळतं. मेसेज पाठवणारा डबा सांगणार काय, तर ‘पाणी कमी’. ते रांगेतल्या बाईला आधीच ठाऊक आहे.

तिसरी चूक: दुरुस्तीला कोण येणार हे न ठरवणं. मार्क टूचं वायसर बदलायचं तर तीन-तीन मीटरचे सगळे पाइप वर काढावे लागतात. तीस मीटरवर पाइप-रॉडचं वजन शंभर किलोंच्या पुढे जातं. मग तालुक्याहून पथक, गाडी, साहित्य आणि तोवर बायकांच्या डोक्यावरचा हंडा मैलभर लांब. हे बघूनच पुढच्या मार्क थ्री हापशात पाणी वर आणणारा पाइप रुंद केला, म्हणजे पाइप न काढता दट्ट्या बाहेर ओढता येतो. पण रुंद पाइप जड आणि महागही झाला. फुकट काही मिळत नाही!

याउलट दक्षिण आफ्रिकेतला प्लेपंप. मुलं चक्रावर खेळतील आणि पाणी टाकीत चढेल. 2006 मध्ये 2010 पर्यंत 4,000 बसवण्याची घोषणा झाली, पैसाही मोठा आला. मुलं खेळून कंटाळली आणि ते जड चक्र बायकाच फिरवत बसल्या. काही ठिकाणी चालता हापसा काढून तिथे हा बसवला होता.

आता समाजावरचा परिणाम. रिपोर्टमध्ये हे प्रकरण शेवटी येतं आणि त्यात ‘ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण होईल’ एवढंच असतं. बांगलादेशात तळ्याचं दूषित पाणी सोडून लोकांनी ट्यूबवेलचं प्यावं म्हणून लाखो हापसे बसले. हेतू चांगला, पंपही चांगले. पण त्या पाण्यात विषारी आर्सेनिक आहे का, हे सुरुवातीला तपासलंच गेलं नाही. 1990 च्या दशकात ते उघड झालं, आणि मग हापसे लाल-हिरवे रंगवावे लागले: लाल म्हणजे पिऊ नका. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडने दात आणि हाडं खराब केली, तेही बोअरच्याच पाण्यातून. तेव्हा ‘यामुळे कुणाचं वाईट होऊ शकतं’ हा प्रश्न सबमिशनच्या आदल्या रात्री विचारू नका.

त्या ‘पाच माणसां’च्या ग्रुपला मी पास केलं, पण एक दिवस पहाटे गावातल्या हापशावर बसायला सांगितलं. त्यांची वही मग मला दाखवायला आणली. एका हंड्याला पन्नासेक वेळा हापसणं, सकाळी दोन तासांत एकूण चौसष्ट हंडे. समासात पेन्सिलने लिहिलं होतं: ‘दहा वर्षांची मुलगी हँडलला लोंबकळून हापसते. तिचे पाय ओट्याला टेकत नाहीत.’ सेन्सरचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनी हँडलची उंची मोजून आणली होती.