रोटाव्हायरसच्या अभ्यासासाठी चीक न पाजता वाढवलेली डुकराची पिल्लं

रोटाव्हायरस हा लहान मुलांना हगवण लावणारा विषाणू. मानवी रोटाव्हायरसचा ‘वा’ नावाचा वाण जंतुमुक्त वाढवलेल्या डुकराच्या पिल्लांना हगवण लावतो, म्हणून लशींच्या अभ्यासात ही पिल्लं मोलाची ठरतात. डुकरात आईची प्रतिपिंडं वारेतून पिल्लाकडे जात नाहीत, ती चिकातूनच, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधातूनच मिळतात. चीक टाळला की प्रतिपिंडं नसलेलं पिल्लू मिळतं. पण तेच पिल्लू साध्या जंतूनेही दगावतं.

भारतात आधी परवानगी लागते. डुक्कर मोठ्या प्राण्यांत धरलं जात असल्याने प्रस्ताव संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडून केंद्रीय समितीकडे जातो. तो वेळ धरूनच मादी गाभण करण्याची तारीख ठरवा आणि ती नेमकी नोंदवा. गाभणकाळ सुमारे 114 दिवसांचा. सिझेरियन 112व्या-113व्या दिवशी करतात. चार-पाच दिवस आधी केलं तर फुप्फुसं कच्ची राहतात. भुलीचं औषध पिल्लांपर्यंतही पोहोचतं, म्हणून भूल दिल्यापासून पिल्लं बाहेर येईपर्यंत वेळ दवडू नका. नाक-तोंड पुसा, अंग चोळून कोरडं करा, नाळ बांधून आयोडीन लावा आणि पिल्लू थेट निर्जंतुक आयसोलेटरमध्ये, म्हणजे बाहेरचे जंतू शिरू न देणाऱ्या बंद पेटीत घ्या.

पहिले तीन दिवस खरी कसोटी ऊब आणि दूध यांची. नवजात पिल्लाच्या अंगात चरबी जेमतेम एक-दोन टक्के असते, उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी तर नसतेच. आयसोलेटरमध्ये 34-35 अंश सेल्सिअस ठेवा. पाचव्या दिवसापासून एक-दोन दिवसांनी एकेक अंश उतरवा. तापमापक पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर हवा, छतापाशी लावलेला फसवतो. पिल्लं एकमेकांवर चढून थरथरत असतील तर थंडी आहे. लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर उकाडा.

निर्जंतुक केलेलं गाईचं दूध कोमट करून द्या. सुरुवातीला 20-30 मि.ली., दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. उथळ भांड्यात नाकपुडी बुडू न देता ओठ टेकवा. बहुतेक पिल्लं दिवसभरात प्यायला शिकतात. उताणं धरून पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. फेरी चुकली तर रक्तातली साखर घसरते. पिल्लू लडखडतं, गार पडतं, पाय मारू लागतं. अशा वेळी आधी ऊब द्या, मग ग्लुकोज.

गाईच्या दुधात लोह नगण्य. तिसऱ्या दिवशी मानेच्या स्नायूत 100 ते 200 मि.ग्रॅ. आयर्न डेक्स्ट्रान द्या. चीक न प्यायलेल्या पिल्लात ई जीवनसत्त्वही कमी असतं आणि त्या कमतरतेत लोहाची सुई बाधू शकते. हे जीवनसत्त्व पूरक म्हणून आधी द्यायचं की नाही हे पशुवैद्याशी ठरवा.

विषाणू देण्याआधी प्रत्येक पिल्लाच्या गुदद्वाराचा स्वॅब ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनविना, दोन्ही पद्धतींनी वाढवून पाहा. फक्त पहिली पद्धत वापरली तर क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू निसटतात आणि नंतरची हगवण कशाने झाली ते कळत नाही. जास्त दूध पाजल्यानेही हगवण लागते, म्हणून विषाणू देण्याच्या आदल्या दोन दिवसांत दुधाचं प्रमाण बदलू नका. रोज ठरल्या वेळी वजन करा. नियंत्रण गटाचा, म्हणजे विषाणू न दिलेल्या पिल्लांचा आयसोलेटर वेगळा हवा आणि त्याचं काम नेहमी आधी उरका.

हगवण लागल्यावर डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी उशिरा बसते. तोंडावाटे क्षार-पाणी द्यायचं की नाही हे प्रस्तावातच लिहून ठेवा. कोणत्या अवस्थेत पिल्लाला वेदनारहित मरण द्यायचं, तेही तिथेच ठरवा: उठता न येणं, पिणं थांबणं, अंग गार पडणं. रात्रपाळीच्या माणसाला हा निर्णय लगेच कळवता यावा म्हणून पशुवैद्याचा नंबर आयसोलेटरवरच चिकटवा.