गॅस लिमिटला हात लावू नका

इथेरियम या ब्लॉकचेनवर पहिल्यांदा टोकन (तिच्यावर चालणारं वेगळं डिजिटल नाणं) पाठवताना मी नको तो शहाणपणा केला. गॅस म्हणजे व्यवहारासाठी नेटवर्कला करावं लागणारं काम मोजायचं एकक. वॉलेट ॲपने गॅस लिमिट ६५,००० सुचवली होती, ती खोडून मी ३०,००० केली. म्हटलं, फी निम्म्यावर येईल. व्यवहार फेल. टोकन जागच्या जागी, आणि ३०,००० गॅसची फी मात्र गेली.

लिमिट म्हणजे भाव नव्हे, काम किती होऊ द्यायचं त्याची कमाल मर्यादा. त्यातला न वापरलेला गॅस तसाही आकारला जात नाही. ईथर, म्हणजे इथेरियमचं स्वतःचं चलन, त्याच्या साध्या व्यवहाराला २१,००० गॅस लागतो, मग एक ईथर पाठवा नाहीतर शंभर. टोकनच्या वेळी कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमचा, कोड चालतो, म्हणून जास्त लागतो. तो आकडा वॉलेटवर सोडा.

तुमच्या हातात आहे तो गॅसच्या एका एककाचा भाव. तो ग्वेईत मोजतात. एक अब्ज ग्वेईंचा एक ईथर. त्यात बेस फी नेटवर्क ठरवतं आणि ऑगस्ट २०२१च्या लंडन अपग्रेडपासून ती जाळून टाकली जाते. वरची टिप व्हॅलिडेटरला, म्हणजे व्यवहार नोंदवून घेणाऱ्याला, मिळते. समजा बेस फी २० आणि टिप १ ग्वेई. २१,००० गुणिले २१ म्हणजे ४,४१,००० ग्वेई, अर्थात ०.०००४४१ ईथर. हे एकदा कागदावर करून बघाच.

बेस फी दर ब्लॉकला (व्यवहारांच्या गठ्ठ्याला), म्हणजे बारा सेकंदांनी, फार तर साडेबारा टक्के हलते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ब्लॉक सलग भरत गेले तर सहा ब्लॉकांत ती दुप्पट होते. म्हणून 'मॅक्स फी', म्हणजे जास्तीत जास्त द्यायचा भाव, मी चालू बेस फीच्या दुप्पट ठेवतो. कापली जाते ती प्रत्यक्षातली बेस फी आणि टिप एवढीच. घाई नसेल तर सरळ गर्दी ओसरू द्यावी.

तरी व्यवहार लटकला, तर नवा पाठवू नका, तो जुन्याच्या मागे रांगेत बसतो. तोच नॉन्स (व्यवहाराचा अनुक्रमांक) ठेवून, मॅक्स फी आणि टिप दोन्ही किमान दहा टक्के वाढवून पुन्हा पाठवा. 'स्पीड अप' बटण नेमकं हेच करतं.

आणि हो, वॉलेटमध्ये टोकन ढीगभर असले तरी फी ईथरमध्येच द्यायची असते. थोडं ईथर कायम शिल्लक ठेवा.