मंगळावरचा रविवार कुणाचा? ख्रिस्ती विज्ञानकथा लिहिताना या चुका टाळा

नाताळ जवळ आला की मिरज-सांगलीकडच्या चर्चच्या मंडळ्यांतली तरुण पोरं कथा लिहायला बसतात. हल्ली त्यातल्या बऱ्याच कथा थेट मंगळावर निघालेल्या असतात. कल्पना झकास असतात, पण घोळ ठरलेल्या जागीच होतो.

सगळ्यात मोठा घोळ प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, प्रसंगात. यान वाटेवर, सगळे वजनरहित तरंगतायत आणि पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) मात्र इथल्यासारखाच प्याला पुढे करतात. तिथं द्राक्षारस प्याल्यात नीट बसायचा नाही. सांडला की गोळे होऊन केबिनभर फिरेल. त्याला नळीची पिशवीच हवी. पाव असो की ज्वारीची भाकरी, मोडली की चुरा पडतो, आणि तो चुरा यंत्रांत नाहीतर कुणाच्या तरी डोळ्यांत जातो. मेक्सिकोचे अंतराळवीर रोदोल्फो नेरी व्हेला यांनी १९८५ साली यानातून टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या चपात्या, नेल्या आणि पुढे अंतराळात त्याच रुळल्या, त्या यासाठीच. तेव्हा कथेत सरळ चपाती ठेवा. द्राक्षारसासाठी तासगावचा बेदाणा न्या. वजनाला हलका, टिकायला चांगला, भिजवून कुस्करला की झालं. चंद्रावर मात्र प्याला चालतो. जुलै १९६९ मध्ये अंतराळवीर बझ ऑल्ड्रिननं तिथं प्रभुभोजन घेतलं, तेव्हा एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणात द्राक्षारस प्याल्याच्या कडेनं सावकाश वर चढला, असं त्यानंच लिहून ठेवलंय. एवढा एक तपशील पानभर उपदेशाला भारी पडतो.

मग तारखा. मंगळाचा दिवस जवळपास २४ तास ४० मिनिटांचा. म्हणजे साधारण ३६ दिवसांत तिथली मंडळी मिरजेच्या मागं एक अख्खा दिवस पडते. इकडे सोमवार उजाडला तरी तिकडे रविवारची उपासना चाललेली. ईस्टरची तर आणखी पंचाईत. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, हा आपला हिशोब. मंगळाला चंद्र दोन, त्यातला फोबोस दिवसाला तीन फेऱ्या मारतो. कुठली पौर्णिमा धरायची? लेखक हा प्रश्न टाळून ‘ईस्टरची पहाट झाली’ असं लिहून मोकळे होतात. अहो, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतलं हे भांडण हीच तुमची कथा आहे!

आईशी फोनवर गप्पा नकोत. मंगळापर्यंत संदेश जायला ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर यायला तेवढीच. पत्र लिहू द्या.

पृथ्वीचं भविष्य आलं की महापूर येतोच. साहजिक आहे, २०१९ साली आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली सांगलीनं पाहिलीय. पण सगळी पृथ्वी पुरानं बुडवून वर नोहाचं तारू अंतराळात सोडलंत, तर बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातल्या नवव्या अध्यायातल्या वचनाचं काय? पुन्हा जलप्रलयानं पृथ्वीचा नाश होणार नाही, असं तिथं स्पष्ट आहे. सांगली बुडवा हवी तर, जग नको. शेवटच्या दिवसाची तारीखही देऊ नका. ‘तो दिवस कुणालाच ठाऊक नाही’ सांगणारं मत्तय २४:३६ पाठ असलेली एखादी आजी तुम्हाला तिथंच धरेल. सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा व्हायला अजून सुमारे पाच अब्ज वर्षं आहेत. त्याला प्रकटीकरणाशी, बायबलच्या शेवटच्या पुस्तकाशी, जुळवायची घाई कशाला?

विश्वाची सुरुवात झाली तो महास्फोट म्हणजे बायबलचा पुरावा, हा संवादही खोडा. ती कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू, पण विज्ञान आणि श्रद्धेची अशी सरमिसळ त्यांनाच पटत नसे.

आणि तो गर्विष्ठ नास्तिक शास्त्रज्ञ, जो शेवटच्या पानावर गुडघे टेकतो, त्याला आता निवृत्त करा. मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली पाहिलेल्या गावाला विज्ञान आणि श्रद्धेचं हे भांडण खोटंच वाटणार. प्राणवायूची गळती शास्त्रज्ञाला शोधू द्या, आणि पाळकसाहेबांना त्याच्या शेजारी पाना धरून उभं करा.