शेंडा बुंध्याच्या डोक्यावर नसतो

झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा, उतारावर वरच्या बाजूनं उभं राहायचं, हे तुम्हाला माहीत असणारच. घेर सहसा चुकत नाही. उंची चुकते, आणि बहुतेक वेळा जास्तीच्या बाजूनं. बीटावर, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीत, नव्यानं आलेला पोरगा अर्जुनाच्या झाडाचे चार-पाच मीटर वाढवून आणतो आणि वर हुज्जत घालतो, कारण गणित बरोबर असतं.

मेख त्या गणितातच आहे. क्लिनोमीटरनं, म्हणजे कोन मोजायच्या यंत्रानं, शेंड्याचा कोन घेतला, बुंध्यापर्यंतचं अंतर त्या कोनाच्या टॅन्जंटनं गुणलं, झालं. यात शेंडा बुंध्याच्या बरोब्बर वर आहे असं गुपचूप धरलेलं असतं. सरळसोट सागाला हे चालून जातं. पण बेहडा, अर्जुन, सावर, जुना ऐन यांचा पसारा रुंद. खालून जे टोक सगळ्यात उंच वाटतं ते पुष्कळदा आपल्याकडे झुकलेल्या फांदीचं असतं.

आकडे घ्या. बुंधा ३० मीटरवर, कोन ४५ अंश. टॅन्जंट १, म्हणजे डोळ्याच्या वर ३० मीटर. डोळ्याची उंची दीड मीटर मिळवली की ३१.५. आता ते टोक बुंध्यापासून ५ मीटर तुमच्याकडे आलेलं असेल तर त्याच्याखालची जमीन तुमच्यापासून २५ मीटरवरच आहे. मग खरी उंची २५ अधिक दीड, २६.५. पाच मीटर हवेतले. कोन दहा वेळा घ्या, दहाही वेळा ४५ येईल. पुन्हा मोजून ही चूक सापडत नाही, म्हणूनच ती वाईट.

उपाय दोन. लेसर रेंजफाइंडर (लेसरनं अंतर मोजणारं यंत्र) असेल तर थेट टोकावर मारा. वरच्या उदाहरणात ३५.४ मीटर येईल. त्याला ४५ अंशाच्या साइननं, म्हणजे ०.७०७ नं गुणा, २५ मिळतात. टोक कुठेही झुको, फरक पडत नाही. बुडाचंही तसंच: बूड डोळ्याच्या खाली असेल तर मिळवा, वर असेल तर वजा करा. लेसर मधल्या पानावर आपटतो, म्हणून पाच-सहा वेळा मारा आणि त्याच टोकाचं सगळ्यात लांबचं अंतर धरा. यंत्र यार्डावर तर नाही ना, तेही बघा.

लेसर नसेल तर ओळंबा. एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी टोक ओळंब्याच्या रेषेत घ्या, खाली जिथं रेषा छेदतात तिथं खुंटी ठोका, अंतर बुंध्याऐवजी खुंटीपासून मोजा. वेळखाऊ आहे, पण ओळंबा चुना-विटांच्या दुकानात मिळतो. मोबाइलच्या ॲपवर आमचा विश्वास नाही. तीही बहुधा शेंडा बुंध्यावरच धरतात.

बाकी चुका किरकोळ. क्लिनोमीटरमध्ये एका बाजूला अंश, दुसऱ्या बाजूला टक्के असतात. ४५ अंश म्हणजे १०० टक्के, यावरून बाजू ओळखा. झाडाच्या उंचीइतकं तरी लांब उभं राहा. सागाला मार्च-एप्रिल बरा, पानझडीमुळे टोक दिसतं. त्याच दिवसांत मोहफुलं पडतात आणि पहाटे अस्वलं मोहाखाली असतात, तेव्हा ऊन चढल्यावर निघा.

आता वर चढून फितीनं मोजण्याबद्दल. चढायची घाई नको. पहिलं वर्ष जमिनीवरूनच मोजा, आणि दोराचा सराव धुऱ्यावरच्या चिंचेवर करा. मध काढणाऱ्यांकडून फांदी ओळखायला शिका, त्याहून चांगला गुरू नाही. पण बिनदोराचं चढणं त्यांच्यापाशीच राहू द्या. जंगलात परवानगीशिवाय दोर टाकू नका.

चढण्याआधी दुर्बिणीनं चारही बाजूंनी आग्या मोहोळ शोधा. दिसलं तर झाड सोडा. दोरावर लटकलेल्याला पळता येत नाही. मग वाळकी, अडकलेली फांदी बघा. सावरीचं लाकूड मऊ, तिच्या बारीक फांदीवर भरवसा नको. थ्रो-लाइनची, म्हणजे मुख्य दोर वर ओढण्यासाठी आधी फेकायच्या बारीक दोरीची, ३००-३५० ग्रॅमची पिशवी जिवंत, मांडीएवढ्या जाड फांदीवरून, खोडाजवळून जाऊ द्या. दोर चढवला की दोघांनी मिळून लटकून बघा. हेल्मेट, हार्नेस, खाली सोडवू शकेल असा जोडीदार, यांतलं एक नसेल तर त्या दिवशी फक्त मोजा. काटेरी बूट जिवंत झाडाला लावू नका. दोर बदलताना आधी दुसरा आधार अडकवा, मगच पहिला सोडा.

हे वाचून हातपाय गार पडले असतील तर काळजी करू नका, पहिल्यांदा सगळ्यांचेच पडतात.

वर जाण्याचं कारण एकच, वरून मोजायची फीत सोडणं. मलेशियातल्या सबाहमधलं शंभर मीटरचं मेनारा हे झाड आधी लेसरनं हेरलं गेलं, तरी २०१९ मध्ये माणसानं वर जाऊन फीत सोडली तेव्हा १००.८ मीटर हा आकडा पक्का झाला. आपल्याकडे ३५ मीटर म्हणजेही उंच. जिथपर्यंत खोड पेलतं तिथं थांबा, पुढचा शेंडा काठीनं मोजा, फायबरच्या फितीला वजन बांधून बुडाशी सोडा आणि वारा पडेपर्यंत वाट बघा. नोंदवहीत आकड्याशेजारी पद्धत लिहा: टॅन्जंट, साइन की फीत.