पुस्तकाची जाहिरात स्वतः करताय? या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडच्या लेखकाचे पहिले शे-दोनशे वाचक बहुधा ओळखीतलेच असतात: भावकी, दहावीची बॅच, नोकरीतले सहकारी. फेसबुकवर काहीही वाढवून लिहिलं, तर ते वाचणाऱ्यांत खरं माहीत असणारा कुणीतरी असतोच. तो कमेंट करत नाही, पण पुस्तकही घेत नाही.

सगळ्यात जास्त अंगाशी येणारं वाक्य म्हणजे ‘पहिली आवृत्ती संपली!’. ३०० प्रती छापल्या, १०० भेट दिल्या, उरलेल्या दुकानांत ठेवल्या आणि महिन्याभरात ही पोस्ट टाकली, असं सर्रास होतं. पण दुकानात ठेवलेली प्रत म्हणजे खपलेली प्रत नव्हे. न खपलेल्या प्रती परत येतात आणि ‘संपलेली’ आवृत्ती पुढे सवलतीत काढावी लागते. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतही घोळ होतो. मजकूर तोच ठेवून पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण, मजकुरात भर किंवा दुरुस्ती केली तर नवी आवृत्ती. त्यापेक्षा सरळ लिहा: ‘३०० छापल्या, १०० भेट दिल्या, १४० विकल्या, ६० शिल्लक आहेत.’ हा हिशोब वाचून लोक उरलेल्यांतली प्रत मागतात.

‘बेस्टसेलर’चंही तसंच. अ‍ॅमेझॉनवरचा क्रमांक एकेका विभागापुरता असतो आणि सतत बदलतो. छोट्या विभागात दिवसभरात थोड्या प्रती गेल्या तरी पुस्तक वर चढतं. क्रमांक सांगायचाच असेल तर विभाग आणि तारीख सांगा. तेवढं सांगायला संकोच वाटत असेल तर पोस्टच नको.

फोटोही खोटं बोलतात. भिलारला फिरायला गेल्यावर तिथल्या कपाटात आपली प्रत उभी करून ‘पुस्तकांच्या गावात माझं पुस्तक’ असं लिहू नका. संमेलनात मोठ्या लेखकासोबत काढलेल्या फोटोखाली ‘आशीर्वाद लाभले’ लिहिलं की त्यांनी पुस्तक वाचून शिफारस केली असा अर्थ निघतो. ‘संमेलनात भेट झाली, प्रत दिली’ इतकंच लिहा. खासगीत आलेला अभिप्राय विचारल्याशिवाय जाहीर करू नका.

आता पोस्टची भाषा. ‘मातीचा गंध असलेली हृदयस्पर्शी कादंबरी वाचकांच्या भेटीस’ ही ओळ कुठल्याही पुस्तकाला चालते, म्हणून ती तुमच्या पुस्तकाची नाही. कादंबरी सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर असेल, तर पेवाचं तोंड उघडल्यावर कोंडलेली हवा जाईपर्यंत आत कुणी उतरत नसे, ते थांबणं चार ओळींत लिहा. उतारा पुस्तकातलाच घ्या. इन्स्टाग्रामवर ‘आणखी’ दाबण्याआधी साधारण पहिल्या दोन ओळीच दिसतात, त्यामुळे आभार आणि प्रस्तावना खाली टाका.

व्हिडिओत घरची बोली मुद्दाम रांगडी करणं किंवा एकदम पुस्तकी बोलणं, दोन्ही ऐकणाऱ्याला लगेच कळतं. घरात ‘काय करालाय’ म्हणत असाल तर तेच म्हणा.

परीक्षणं मागताना घाई होते. नातेवाइकांना मजकूर पाठवून ‘एवढं टाक’ म्हटलं की पाच परीक्षणांत एकच वाक्य दिसतं. घरच्यांनी किंवा जवळच्या मित्रांनी लिहिलेली परीक्षणं अ‍ॅमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत, ती काढली जातात. प्रत दिल्यावर तीन आठवडे जाऊ द्या आणि मग विचारा: कुठे थांबलात, काय पटलं नाही, कुणाला द्याल? नावं ठेवणारं परीक्षण आलं तर तेही राहू द्या. पाचच्या पाच तारेच दिसले की लोकांना शंका येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर गावकीच्या ग्रुपमध्ये रोज लिंक टाकली की लोक ग्रुप म्यूट करतात. एकच संदेश प्रत्येकाला वेगळा पोचवणारी ब्रॉडकास्ट यादी बरी, पण एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. ‘पाठवलं पण कुणाला मिळालंच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आधी विचारा, होकार आलेल्यांनाच यादीत घ्या.

लाइक भरपूर आणि मागणी शून्य असेल, तर पोस्टमध्ये किंमत आहे का ते बघा. ‘किंमत?’ला ‘इनबॉक्स करा’ असं उत्तर दिलं की दर माणूस बघून ठरतोय असं वाटतं. पानं, किंमत, टपालखर्च आणि मागवायचा नंबर उघड लिहा.

उलटी चूकही होते. खरेपणा म्हणजे घरातली भांडणं, आजारपण मांडणं नव्हे. त्यात दुसऱ्यांचंही आयुष्य असतं. आणि दुःख उसनं घेऊ नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागलं हे गल्लीला पाठ आहे. पुराबद्दल लिहिताना ‘आमच्याकडे पाणी नव्हतं, मी छावणीत पाहिलं’ असं म्हटलं तरी लिखाण तेवढंच ताकदीचं राहतं.

वाढवून लिहिलेलं आधीच गेलं असेल, तर गुपचूप पुसू नका; स्क्रीनशॉट फिरत राहतात. त्याच पोस्टच्या वर ‘दुरुस्ती’ असं लिहून खरा आकडा द्या. व्हॉट्सअ‍ॅप संदेश १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो. ती वेळ गेली असेल तर त्याच ग्रुपमध्ये, मूळ संदेशाला उत्तर देऊन दुरुस्ती टाका.