झाडं खाणाऱ्या माशांच्या टँकमध्ये कुठली झाडं लावायची

गोल्डफिश किंवा सिल्व्हर डॉलर असतील तर कॅबोंबासारखी मऊ झाडं घेऊच नका, बघता बघता फस्त करतात. अनुबियास घ्या, पान जाड आणि चिवट, मासे तोंड लावून सोडून देतात, जावा फर्न पण चालतं. फक्त या दोन्हींचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, सडतं, लाकडाला नाहीतर दगडाला सुती दोऱ्याने सैलसर बांधायचं, मुळं नंतर स्वतःच धरतात. बोअरचं पाणी जड असेल तर व्हॅलिसनेरिया मस्त येतं पण गोल्डफिश उपटतात, बुडाशी गोटे ठेवा.

आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा टँक खिडकीपासून लांब ठेवा आणि पाण्यावर छोटा फॅन लावा. माशांना उकडलेला मटार देत जा, झाडांना कमी त्रास देतात.