समुद्राची रेघ माणसाला कुठे कापते? कोकण किनाऱ्यावर फोटोग्राफी शिकणाऱ्यांसाठी

किनाऱ्यावर काढलेला कुठलाही गाजलेला फोटो समोर घ्या आणि आधी एवढंच शोधा: समुद्राची रेघ उभ्या माणसाला कुठे कापते? डोळ्यांपाशी कापत असेल तर फोटोग्राफर त्याच्याइतक्याच उंचीवरून, उभ्यानेच फोटो काढत होता. कमरेपाशी कापत असेल तर तो खाली बसला होता. रेघ डोक्याच्याही वर असेल तर धक्क्यावर, होडीवर किंवा एखाद्या तटावर चढला होता. माणूस पाच पावलांवर असो की पन्नास, सपाट वाळूवर हा अंदाज चुकत नाही, कारण क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्याच उंचीवर दिसतं.

आता हर्णे बंदरावर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला जा. डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या मावशीचा फोटो नवखा विद्यार्थी उभ्यानेच काढतो. क्षितिज तिच्या गळ्यातून किंवा डोळ्यांतून आरपार जातं आणि चेहरा मागच्या होड्यांच्या गर्दीत हरवतो. तोच फोटो उकिडवं बसून, कॅमेरा जमिनीपासून अडीच फुटांवर धरून काढा. रेघ कमरेखाली जाते. चेहरा, पाटी, हात, सगळं मोकळ्या आकाशावर येतं. लेन्स बदललेली नाही, सेटिंग बदललेलं नाही, बदलले ते फक्त गुडघे. मोठ्या फोटोग्राफरांच्या फोटोंतून शिकायचं ते हेच. त्यांचा विषय उचलायचा नाही, त्यांनी केलेली निवड ओळखायची.

म्हणून एका वेळी एकच फोटो घ्या आणि त्याला निदान १५ दिवस द्या. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने सरकवत शंभर फोटो पाहिले तरी हाती काही लागत नाही. फोटो ए-फोर आकारात छापून घ्या, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेन्सिलीने फक्त मोठे आकार काढा: गडद ठिपके, उजळ ठिपके, मुख्य रेषा. नाक-डोळे काढू नका. मग वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर होता? उजेड कुठून येत होता? बटण नेमकं कधी दाबलं? नंतर छपाईत काय केलं? उजेड शोधायचा तर सावल्यांची कड पाहा. धारदार कड म्हणजे थेट ऊन. विरघळलेली कड म्हणजे ढग, खिडकी किंवा सावलीतली पडवी. चेहरा मोठा असेल तर बुबुळातला पांढरा ठिपका बघा. खिडकीचा चौकोन, फ्लॅशचा बिंदू, सगळं तिथे उमटलेलं असतं.

कॅमेरा नसेल तर मोबाइल पुरेसा आहे, पण एक फरक ध्यानात ठेवा. बहुतेक मोबाइलची मुख्य लेन्स २४ ते २६ मिमीच्या तोडीची, म्हणजे बरीच रुंद असते. फ्रेंच फोटोग्राफर ऑंरी कार्टिए-ब्रेसाँ आयुष्यातलं बरंचसं काम ५० मिमी लेन्सवर करत. त्यांची चौकट अनुभवायची असेल तर मोबाइल दुप्पट झूमवर ठेवा आणि पुढेमागे पायांनी व्हा. शिवाय मोबाइलच्या मुख्य लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक; एफ/८ सारख्या आकड्याने मोजतात, आकडा मोठा तेवढं भोक लहान) सहसा बदलत नाही. तिथे तुमच्या हातात शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) एवढंच असतं, आणि तेही प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने ठरवायच्या मोडमध्ये.

सुरुवातीला कार्टिए-ब्रेसाँ यांचाच १९३२ चा फोटो घ्या. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेलं पाणी आणि त्यावरून झेप घेणारा माणूस. त्याची टाच पाण्यावर टेकायला केसभर अंतर उरलंय आणि खालचं प्रतिबिंब तिला भेटायला वर येतंय. मागच्या भिंतीवर पोस्टर आहे, त्यावरही उडी मारणारी नर्तकी आहे. पाण्यात आडवी पडलेली शिडी आहे आणि तिच्याभोवती नुकतेच उठलेले तरंग आहेत. हे सगळं नीट पाहिलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते: तो माणूस धारदार आलेला नाही, हलला आहे. उडीतला वेग त्या हललेपणामुळेच जाणवतो. आणि हा फोटो कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढल्यामुळे कडेला फळी आली होती, ती छपाईत काढली. एरवी फ्रेम कापायला ते राजी नसत, म्हणून हा अपवाद मुद्दाम लक्षात ठेवायचा.

याचा सराव जुलैत करा. एसटी स्टँडच्या आवारात, बाजारपेठेत, शाळेच्या वाटेवर, डबकी जागोजाग असतात. डबक्याच्या समोर, प्रतिबिंब पूर्ण दिसेल असं खाली बसा. आयएसओ ४००, एफ/८ आणि ढगाळ दिवसाचं १/२५० शटर इथून सुरुवात करा. पुढच्या फेरीला १/१२५ आणि १/६० करून बघा, म्हणजे किती हललेलं बरं दिसतं ते कळेल. ऑटोफोकस बंद ठेवा, नाहीतर लेन्स तरंगांवर नाहीतर मागच्या भिंतीवर अडकते. माणूस जिथून उडी मारेल त्या काठावर आधीच फोकस लावून घ्या. सर्वात जास्त फ्रेम फुकट जातात त्या उशिरामुळे. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, तोवर पाय पाण्यात पडलेला असतो. पाय उचललेला दिसल्यावर बटण दाबू नका, गुडघा वाकायला लागला की दाबा. तीस-चाळीस माणसं गेल्यावर एखादी फ्रेम जमली तरी ठीक आहे.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो (१९४१) अभ्यासायला कोकणाइतकी सोयीची जागा क्वचित मिळेल, आणि नेमका इथेच गोंधळ होतो, कारण सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. अ‍ॅडम्स यांच्या फोटोत मावळतीचा सूर्य पाठीशी आहे, त्याचा शेवटचा उजेड दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलाय आणि चंद्र पूर्वेच्या डोंगरांवर आहे. म्हणजे आपल्याकडे पाठ समुद्राला आणि तोंड सह्याद्रीकडे. एखादा पांढऱ्या चुन्याचा देवळाचा कळस किंवा दीपमाळ समोर असेल अशी जागा हेरून ठेवा.

यात दिवस निवडणं सर्वात महत्त्वाचं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पण पूर्वेला डोंगर असल्याने आपल्याला तो उशिरा, अंधार पडल्यावर दिसतो. मग जमिनीला धरून एक्स्पोजर (फोटोला मिळणारा एकूण उजेड) दिलं तर चंद्राचा पांढरा ठिपका होतो आणि चंद्राला धरून दिलं तर गाव काळंठिक्कर पडतं. म्हणून शुद्ध त्रयोदशी किंवा चतुर्दशी धरा. चंद्र आधीच वर आलेला असतो, गावावर अजून ऊन असतं आणि सूर्यास्ताच्या आगेमागे १०-१५ मिनिटं दोघांचा उजेड जुळतो. वर आलेल्या जवळपास पूर्ण चंद्राला आयएसओ १०० वर एफ/११ आणि १/१०० शटर साधारण चालतं. क्षितिजालगत धुरकट हवा असली तर एक-दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). अ‍ॅडम्स यांना त्या संध्याकाळी लाइटमीटर (उजेड मोजायचं यंत्र) सापडला नाही, पण चंद्राची तेजस्विता प्रति चौरस फूट २५० कँडल असते हे त्यांना पाठ होतं. त्यावरून हिशेब करून त्यांनी एफ/३२ वर एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. दुसरी फ्रेम घेण्याआधी क्रुसांवरचं ऊन गेलं. तंत्र पाठ असण्याचा उपयोग असा होतो. वहीच्या पहिल्या पानावर आपले आकडे लिहून ठेवा: भर उन्हात एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं (आयएसओ १०० ला १/१००), चमकत्या वाळूवर एफ/२२, ढगाळ असेल तर एफ/८.

त्याच फोटोतलं काळंभोर आकाश मात्र कॅमेऱ्यात मिळवायला जाऊ नका. सुरुवातीच्या छपाईत त्या आकाशात ढग दिसतात. पुढच्या काळात अ‍ॅडम्स यांनी डार्करूममध्ये ते अधिकाधिक गडद केलं. कॅमेऱ्यात कमी एक्स्पोजर देऊन तसं आकाश आणायला गेलात तर सावल्यांमधला तपशीलच जाईल. पुरेसा उजेड घ्या, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा, आकाश नंतर खाली आणा.

डोरोथिया लँग यांचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो (कॅलिफोर्निया, १९३६) अभ्यासाला घ्यायचं कारण म्हणजे त्याच भेटीतल्या इतर फ्रेमही पाहायला मिळतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरून त्या मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येतात. ओळीने लावून बघा. दूरच्या फ्रेममध्ये तंबू आहे, आजूबाजूचा पसारा आहे. जवळच्या फ्रेममध्ये फक्त आई, तान्हं मूल आणि तोंड फिरवून तिच्या खांद्यांना टेकलेली दोन मुलं. मुलांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणूनच नजर आईच्या चेहऱ्यावरून हलत नाही. सरावासाठी घरच्याच माणसांना घ्या. अंगणात बसलेल्या आजीच्या पाच फ्रेम, प्रत्येक वेळी दोन पावलं पुढे, झूम अजिबात नाही. बहुतेकजण तिसऱ्या फ्रेमला संकोचून थांबतात. पाचवीपर्यंत जा.

मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली पुण्यात काढलेला गांधीजी आणि चरखा हा फोटो तर प्रत्येकाने पाहिलेला असतो, पण त्यात चरखा पुढे आणि गांधीजी मागे आहेत हे किती जणांनी नोंदलंय? साधन मोठं, माणूस त्याच्या पलीकडे, आणि खिडकीचा उजेड पाठीमागून. फोटो काढण्याआधी त्यांना सूत कातायला शिकावं लागलं होतं आणि तीनच फ्लॅश बल्ब वापरायची मुभा मिळाली होती. त्यातले पहिले दोन फुकट गेले.

काम आधी समजून घेण्याची ही अट रापणीला तंतोतंत लागू पडते. मालवण, तारकर्ली, देवबाग भागात रापण बघायला मिळते. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घालून किनाऱ्याला परत येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसं ओढू लागतात. नवखा फोटोग्राफर पहिल्या दहा मिनिटांत दोनशे फ्रेम काढतो आणि नेमकी जाळ्याची खोळ वर येताना त्याची बॅटरी नाहीतर धीर संपलेला असतो. आधी एक रापण कॅमेरा न काढता बघा, दोर ओढायला हात लावा. दोन्ही रांगा हळूहळू जवळ सरकतात तेव्हा खोळ जवळ आली असं समजायचं. त्या वेळी आधीपासूनच मधोमध, पण दोराच्या बाहेर उभं असायला हवं. ताणलेल्या दोराच्या आत कधीही शिरू नका. फोटोत दोर पुढे मोठा आणि ओढणारे हात त्यामागे, हा चरख्याकडून घेतलेला धडा.

भरती-ओहोटी पंचांगावरून काढता येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे तासांत मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे सूर्यास्ताला वाळू बुडालेली. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास येते, त्यामुळे सूर्यास्ताला ओहोटी असते आणि ओल्या वाळूचा लांबच लांब आरसा मिळतो. लांब शटरचे समुद्राचे फोटो शिकायचे असतील तर तेच दिवस धरा. सूर्य मोठा हवा असेल तर मात्र मोबाइलचा नाद सोडा. ५० मिमी लेन्सवर सूर्य फ्रेमच्या उंचीचा जेमतेम पन्नासावा भाग असतो, २०० मिमीवर तेराव्या भागाच्या आसपास. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नका, डोळ्याला इजा होते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, पडव्यांतून जाळी शिवली जातात. घरात बसून शिकायला हा काळ उत्तम. एडवर्ड वेस्टन यांचा ढबू मिरचीचा १९३० चा फोटो घ्या. त्यांनी ती मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, त्यामुळे उजेड आतून परतून मिरचीच्या सावलीतल्या अंगालाही लागला. पडवीत एका बाजूने उजेड, मोठं नरसाळं, कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर टेकवलेला, आयएसओ १००, एफ/११, दोन सेकंद, आणि बटण हाताने न दाबता टायमरवर. मग नरसाळं काढून तीच फ्रेम घ्या. दोन्ही शेजारी ठेवल्या की परावर्तित उजेड म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दशावताराच्या रात्री फोटोत आडवे पट्टे येतात, तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे बहुतेक जातात.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते आणि ती काचेवरचा लेपच खाते. कॅमेरा बॅगेत ठेवू नका, बॅगेचं कापड ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पिशवी आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. दाण्यांचा रंग बदलला की स्वयंपाकातून बाद केलेल्या कढईत मंद आचेवर तापवून घ्या. डब्यात तांदूळ घालू नका, त्याचा भुसा लेन्सच्या कड्यांत शिरतो. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने कॅमेऱ्याचं अंग पुसा, मग कोरड्याने. लेन्सची काच मात्र आधी फुंकणीने वाळू उडवल्याशिवाय पुसू नका, एका कणाने कायमचा ओरखडा पडतो.

बंदरावर लिलाव चालू असताना बोली लावणाऱ्यांच्या मधे येऊ नका, फ्लॅश मारू नका आणि मासळीच्या पाण्यावर घसरणार नाहीत अशा चपला घाला. फोटो काढायच्या आधी विचारा. महिन्याने परत जाताना ४ x ६ इंचाच्या प्रिंट सोबत न्या, ज्याची त्याला द्या, आणि मगच बॅगेतून कॅमेरा काढा.